वजन पूर्ववत

"चार पॉइंट चार नऊ," नव्या बाई म्हणाल्या.

"सहा दोन," नाणेकाका म्हणाले.

"काय सहा दोन?"

"चार पॉइंट सहा दोन ग्रॅम. रजिस्टरात तसं आहे. नीट बघा पुन्हा."

नव्या बाईंनी नाणे दोन बोटांत कडेने धरून उचलले, काट्याचा आकडा शून्यावर येऊ दिला आणि नाणे पुन्हा अलगद ठेवले. "चार पॉइंट चार नऊ. तिसऱ्यांदा."

नाणेकाकांच्या पोटात गोळा आला. खरे सांगायचे तर तो आज आला असे नाही. गेली एकतीस वर्षे तो तिथेच मुक्कामाला होता, आज फक्त जागचा हलला.

संग्रहालयातला त्यांचा हा शेवटचा दिवस. दुपारी चारला खालच्या सभागृहात निरोप समारंभ, आणि त्याआधी नाणेदालनाचा चार्ज नव्या बाईंच्या हवाली करायचा. दालन म्हणायचे एवढेच, जिन्याच्या वळणावरची ती एक लांबट खोली होती. तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या, उथळ खणांची तीन लाकडी कपाटे आणि त्या खणांत चारशे बारा नाणी. गेले तीन दिवस दोघे समोरासमोर बसून एकेक नाणे काढत होते, तोलत होते, रजिस्टरशी ताडून बघत होते आणि सह्या करत होते. चारशे अकरा नाणी निमूटपणे जुळली होती. चारशे बारावे नाणेकाकांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. नव्या बाईंना वाटले, काकांचा जीव अडकलाय त्याच्यात. तेही खोटे नव्हते.

कारण ते नाणे म्हणजे सातमासी राजाचे सोन्याचे नाणे. जगात एकच. हा राजा थोरल्या भावाच्या मागे गादीवर आला आणि सात महिन्यांत उतरला. इतिहासाने त्याला दोनच ओळी दिल्या आहेत, त्यातली एक त्याच्या भावाबद्दल आहे. पण तेवढ्या सात महिन्यांतही पठ्ठ्याने स्वतःचे नाणे पाडून घेतले. त्या काळी यंत्रे कुठली! खालच्या ठशावर सोन्याची चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. हाणणाऱ्याचा हात त्या दिवशी जरा चुकला. राजाचा मुकुट आणि एक डोळा चकतीच्या बाहेर राहिला. आत आले ते नाक, उरलेला डोळा, किंचित लोंबणारा खालचा ओठ आणि कडेला अर्धवट कापलेली चार अक्षरे.

शाळेची मुले आली की नाणेकाका ते सगळे करून दाखवायचे. साबणाची चकती, दोन लाकडी ठसे आणि एक छोटा हातोडा टेबलाच्या खणात कायम तयार असे. ठोका मुद्दाम तिरका मारून ते विचारत, "आता सांगा, राजा रागावला असेल का?" मुले ओरडत, "हो!" मग नाणेकाका मान हलवत. "अजिबात नाही. तो म्हणाला असेल, राहू दे, घाई आहे. म्हणून तर ओठ असा आहे त्याचा." याला पुरावा काडीचा नव्हता, पण एकतीस वर्षे रोज एकाच माणसाचे तोंड बघितल्यावर त्याचा स्वभाव कळतो, असे त्यांचे म्हणणे होते. घरीसुद्धा जेवताना राजाचा विषय निघायचाच. काकू एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "त्याला म्हणावं, आमच्याकडेच राहायला ये. म्हणजे निदान तुम्ही वेळेवर घरी याल."

आता, पोटातल्या गोळ्याचे कारण वाचकांपासून लपवून काय उपयोग? सांगून टाकलेले बरे. नाणेकाकांनी ते नाणे घासले होते.

ज्यांचा नाण्यांशी संबंध फक्त खिशापुरता आहे त्यांना यात काय मोठेसे, असे वाटेल. पण नाणी सांभाळणाऱ्यांच्या जगात याहून मोठे पाप नाही. नाणेकाका नोकरीला लागले तेव्हा दालनाचे प्रमुख होते मोठे सर. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "धरायचं ते कडेने. बोलायचं ते हळू. आणि घासायचं कधीच नाही. नाण्यावरचा मळ म्हणजे त्याचं वय असतं. कुणाचं वय पुसायला जायचं नाही." नाणेकाकांनी मान डोलावली, आणि तिसऱ्या दिवशी दंतमंजनाने नाणे घासले.

झाले होते असे, की हे नाणे तेव्हा नुकतेच कुठल्याशा विहिरीच्या खोदकामातून आले होते. मोठ्या सरांनी त्याचे वजन घेऊन नोंद केली होती, एवढेच. ते कुणाचे, कुठले, काही पत्ता नव्हता. मळलेल्या शर्टाच्या बटणासारखे दिसत होते. दुसऱ्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते, मोठे सर बाहेर गेले होते, आणि नव्याने लागलेल्या तरुणाच्या पिशवीत घरी न्यायची मंजनाची पुडी होती. त्याला वाटले, एवढंसं घासून बघू, कडेला. ओला रुमाल, चिमूटभर मंजन आणि अंगठा. कडेला सुरू झालेला अंगठा थांबलाच नाही. चिखलाचा पापुद्रा सुटला, आणि कित्येक शतकांनंतर एक माणूस एका डोळ्याने त्याच्याकडे बघू लागला.

त्या क्षणाला तो इतका हरखला, की आपण काय करून बसलो हे ध्यानात यायला पाचेक मिनिटे गेली. मग त्याने व्हरांड्यातल्या कुंडीतली माती आणली आणि राजाच्या तोंडाला परत फासली. ती बसेना. तशीच थोडी चोपडून नाणे खणात ठेवले आणि रात्रभर तळमळत पडला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी भिंग लावून नाणे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग खुर्चीतून उठून म्हणाले, "अक्षरं लागली!" आणि त्या चार कापलेल्या अक्षरांवरून त्यांनी सातमासी राजा शोधून काढला. केवढा गाजावाजा झाला! सरांचा लेख देशोदेशी वाचला गेला. त्यात एक वाक्य होते, "नाणे यत्किंचितही न घासता, केवळ तिरप्या उजेडात हे वाचन केले आहे." ते वाक्य नाणेकाकांना तोंडपाठ होते. सर पुढे तीन वर्षांनी निवृत्त झाले, पण जिथे जातील तिथे सांगायचे, "त्याच्या हातात नाणं द्या आणि खुशाल झोपा. हात म्हणजे हात आहे त्याचा!" ते ऐकले की नाणेकाका हात खिशात घालत.

दर वर्षी तपासणीला नाणी मोजली जात. तोलायचीही असत, पण वजनाच्या रकान्यात या नाण्यापुढे नाणेकाका दर वर्षी एकच शब्द लिहीत, "पूर्ववत." असे एकतीस पूर्ववत एकाखाली एक उभे होते. आणि आज नव्या बाई, नवा काटा घेऊन समोर बसल्या होत्या, आणि चार वाजता निरोपाला प्रमुख पाहुणे म्हणून खुद्द मोठे सर येणार होते. वय अठ्ठ्याऐंशी, पण डोके शाबूत. सगळ्या जगाला कळले तरी चालेल, फक्त त्या एका माणसाला कळायला नको, एवढेच नाणेकाकांचे मागणे होते.

"पंख्यामुळे होतं तसं," ते म्हणाले. "वाऱ्याने काटा हलतो."

पंखा बंद केला. चार पॉइंट चार नऊ. खिडकी लावली. चार पॉइंट चार नऊ. "आपला श्वास लागतो," नाणेकाका म्हणाले. दोघांनी श्वास रोखून धरला. नेमका त्याच वेळी पहारेकरी चहा घेऊन आला. बंद खोली, पंखा बंद, आणि गाल फुगवून, लालबुंद होऊन टेबलावर वाकलेली दोन माणसे बघून तो म्हणाला, "डॉक्टरांना बोलावू का?"

डॉक्टर आले नाहीत, पण पाच मिनिटांत संचालक आले. त्यांच्या हातात निरोपाच्या भाषणाचा कागद होता. मागोमाग हेडक्लार्क आले, त्यांच्या हातात काहीच नव्हते, पण चेहऱ्यावर फार मोठी फाइल उघडल्याचा आनंद होता.

"काट्यात दोष असेल," संचालक म्हणाले. "दुसरं काहीतरी तोलून बघा. ही माझी अंगठी घ्या." अंगठी निघेना. गेल्या काही वर्षांत बोट जरा सुधारले होते. पहारेकऱ्याने ओढून पाहिली, हेडक्लार्कांनी फिरवून पाहिली. शेवटी नाणेकाकांनी खणातली साबणाची चकती काढली, आणि बराच फेस झाल्यावर अंगठी सुटून कपाटाखाली गेली. पहारेकऱ्याने पालथे पडून ती काढली, पुसली, काट्यावर ठेवली.

"सात पॉइंट एक शून्य," नव्या बाई म्हणाल्या. "आणि तिचं खरं वजन किती?"

सगळे संचालकांकडे बघू लागले.

"ते मला काय माहीत?" संचालक म्हणाले. "कोपऱ्यावरच्या सोनाराने केलीय. त्याला माहीत!"

म्हणून सोनाराला बोलावणे गेले. तो आपला काटा आणि सामानाची पेटी घेऊन हजर झाला. अंगठी त्याला पाठ होती. त्याने संग्रहालयाच्या काट्यावर तोलली, स्वतःच्या काट्यावर तोलली आणि मान डोलावली. दोन्ही काटे चोख होते. मग त्याने नाणे तोलले. चार पॉइंट चार नऊ. इथवर ठीक होते. पण सोनाराच्या हातात सोने आले की तो हात काही स्वस्थ बसत नाही. बोलता बोलता त्याने पेटीतून कसोटीचा काळा दगड काढला आणि "जरा कस बघू" म्हणत नाणे त्याच्यावर टेकवले.

"नाही!" असा आवाज तीन गळ्यांतून एकदम निघाला. नाणेकाका टेबलावरून जवळजवळ उडी मारूनच पलीकडे गेले आणि त्यांनी सोनाराचे मनगट धरले.

"अहो, एक रेघ तर ओढणार होतो!" सोनार म्हणाला.

"त्या रेघेत त्याचं नाक जाईल!"

"कुणाचं नाक?"

"राजाचं!"

सोनाराने नाणे डोळ्यांजवळ नेले, उजेडाकडे फिरवले. "दिसतंय की नाक. छान दिसतंय. हे कुणीतरी मन लावून घासलंय बरं का. मंजनाने घासलं की असाच मऊ उजाळा..."

"तुमचा चहा गार होतोय," नाणेकाका घाईघाईने म्हणाले आणि पहारेकऱ्याच्या हातातला कप त्याच्या तोंडाशी नेऊन धरला. अर्धा चहा सोनाराच्या सदऱ्यावर सांडला. तो रागावून, नाणे टेबलावर ठेवून, पेटी उचलून निघून गेला. सुदैवाने त्याचे बोलणे कुणी ऐकले नव्हते, कारण हेडक्लार्कांनी तोपर्यंत मुख्य शब्द उच्चारला होता.

"बदललंय," ते म्हणाले. "काटा बरोबर, वजन कमी. म्हणजे नाणं बदललंय. खरं गेलं, आणि हे कुणीतरी बनवून ठेवलंय."

हेडक्लार्क नाणेकाकांकडे बघत नव्हते, आणि ते मुद्दाम बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होते.

आता गंमत बघा. एकतीस वर्षे एक पैची लबाडी न केलेल्या माणसाला लोक चोर समजत होते, आणि त्या माणसाला बरे वाटत होते! चोर तर चोर. चोरी नाणेवाल्यांना समजते, जुन्या काळापासून चालत आलीय. पण घासणारा? त्याला माफी नाही. त्यांनी खुर्चीत नीट बसून घेतले आणि गप्प राहिले.

"काका, तुम्ही काहीतरी बोला ना," नव्या बाई म्हणाल्या. तीन दिवसांत त्यांना या माणसाचा लळा लागला होता.

"काय बोलू? वजन पूर्ववत आहे असं मी लिहिलंय."

त्यांनी बाहेर जाऊन काकूंना फोन केला. "अगं, मी इथे चोर ठरतोय."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या घाईत होत्या. "मग मी चारला यायचं की नाही?"

"ये तर खरी."

इकडे संचालकांनी मोठा पेच सोडवला होता. नाणे खरे की खोटे हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो तसाही चारला येणारच होता. त्यांनी गाडी तीनलाच पाठवली. नाणेकाका फोन ठेवून आत आले तेव्हा त्यांना हे कळले, आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

मोठे सर जिना चढून आले. हातात काठी, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि गळ्यात दोरीने अडकवलेले तेच जुने भिंग. दारात थांबून त्यांनी खोलीचा वास घेतला. लाकूड, जुना कागद, थोडा साबण. "कपाटं तिथंच आहेत रे," ते म्हणाले. "ही खुर्ची माझी." नाणेकाका खुर्चीतून उठून बाजूला उभे राहिले, एकतीस वर्षांपूर्वी राहत होते तसेच, हात मागे बांधून.

सरांनी नाणे कडेने धरले. भिंग लावले. चष्मा कपाळावर चढवला. नाणे तिरपे केले, सरळ केले, पुन्हा तिरपे केले. खालून सभागृहात खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते.

"हाच तो," सर म्हणाले. "ओठ बघा. हा ओठ कुणाला बनवता येणार नाही."

संचालकांचा जीव भांड्यात पडला. नव्या बाई हसल्या. पण हेडक्लार्कांची फाइल बंद होईना. "म्हणजे नाणं खरं," ते म्हणाले. "काटाही खरा. मग रजिस्टरातलं पहिलं वजन खोटं. हे अक्षर कुणाचं आहे?"

अक्षर मोठ्या सरांचे होते. सगळ्यांनी ते पाहिले.

"वयानुसार होतं असं," हेडक्लार्क म्हणाले.

"तेव्हा मी सत्तावन्नचा होतो," सर शांतपणे म्हणाले.

"तेच म्हणतो मी. वजन घ्यायला चुकलात. शेरा मारतो तसा. आणि मग वरच्या कार्यालयाला कळवावं लागेल, की पहिली नोंदच चुकीची होती, तेव्हा लेखातलं बाकी कायकाय..."

नाणेकाकांनी सरांकडे पाहिले. खरे तर आता सुटका झाली होती. फक्त आणखी दहा मिनिटे गप्प बसायचे होते. सर मान खाली घालून नाण्याकडे बघत बसले होते. ज्या माणसाने पाऊण आयुष्यात एका मिलिग्रॅमची चूक केली नाही, त्याच्या नावापुढे हा लाल शाईचा शेरा पडणार होता. आणि तो पडताना आपण शेजारी हात बांधून उभे राहणार.

"घासलं," नाणेकाका म्हणाले.

"काय?"

"मी घासलं. मी! मंजनाने. तिसऱ्याच दिवशी. चिखल होता तो, तेरा शतांश. सरांचं वजन बरोबर होतं, मी खोटं लिहीत आलो, एकतीस वर्षं." "सर, तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही. वर कुंडीतली मातीही लावली. माफ करा. माफ करू नका, पण... घासलं मी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. आता सरांचा तो हळू, थंड आवाज येणार, म्हणून अंग चोरून उभे राहिले.

"माहीत आहे," सर म्हणाले.

नाणेकाकांनी एक डोळा उघडला.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. विहिरीतून आलेल्या नाण्यावर कुंडीची माती? आणि शेणखताची? आणि वर लवंगेचा वास?" सरांच्या गळ्यातले भिंग हलायला लागले. ते हसत होते, का आणखी काही, ते सांगता येत नव्हते. "तुला काढूनच टाकणार होतो. तसा उठलोही होतो खुर्चीतून. उठता उठता अक्षरं दिसली."

"सर..."

"तू घासलं नसतंस तर मला जन्मात वाचता आलं नसतं. तिरपा उजेड कसला आणि काय! भर दुपारी लख्ख दिसत होतं ते. पण मग लिहिणार काय? की माझ्या नव्या माणसाने मंजन लावलं? वाक्य लिहून मोकळा झालो. आणि त्या दिवसापासून तुझ्या धाकात आहे."

"माझ्या?" नाणेकाकांना काहीच कळेना.

"तुझ्या नाही तर काय! तो लेख तुला पाठ. नाणं आधी कसं होतं ते तुला ठाऊक. मला वाटायचं, हा मनाचा मोठा आहे म्हणून गप्प बसलाय. कधीतरी तोंड उघडलं की संपलो आपण. म्हणून जाईन तिथे तुझं कौतुक करत सुटायचो."

"म्हणजे ते कौतुक..." नाणेकाकांच्या तोंडून कसेबसे निघाले, "भीतीने होतं?"

सरांनी चष्मा खाली आणला आणि त्यांच्याकडे नीट पाहिले. "निम्मं भीतीने. निम्मं खरं होतं रे. तुझा हात चांगलाच आहे. बघ ना, एक ओरखडा नाही. शिकवलेल्या माणसालाही इतकं नाजूक घासता येत नाही."

एकतीस वर्षे दोन माणसे एकमेकांना घाबरत, एकमेकांचा मान राखत, एकच गुपित दोन्ही बाजूंनी धरून बसली होती. नाणेकाकांना हसू आले, मग रडू आले, मग दोन्ही एकत्र आले आणि त्यांना खाली बसावे लागले. बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून ते कपाटाला टेकून जमिनीवरच बसले. पहारेकऱ्याने न विचारता पंखा लावला. हेडक्लार्कांनी, शेरा नेमका कुणाच्या नावावर मारायचा हे न कळल्यामुळे, पेनाला टोपण लावले.

"छान!" संचालक हातातल्या भाषणाकडे बघत म्हणाले. "हे सगळं मला आता यात कुठेतरी घालावं लागणार."

नव्या बाईंनी मात्र नाणे उचलून त्याच्या मखमली खाचेत ठेवले, रजिस्टर पुढे ओढले आणि लिहिले: वजन चार पॉइंट चार नऊ. कारणाच्या रकान्यात: मळ काढला. मग पेन तसेच हातात धरून त्यांनी विचारले, "बाकीची चारशे अकरा जुळली. तरी विचारून ठेवते. आणखी कुठलं नाणं घासलंय का?"

"छे छे!" नाणेकाका जमिनीवरून म्हणाले. "त्यानंतर मी कानाला खडा लावला. शपथ घेऊन सांगतो."

"झालं तर मग. इथे सही करा."

नाणेकाकांनी पेन घेतले. ही एक सही झाली, की खोली त्यांची राहणार नव्हती. कपाटे, खण, तो ओठ, शाळेतली मुले, सगळे दुसऱ्याचे होणार होते. सकाळपासून त्यांनी हा विचार वजनाच्या काळजीखाली दाबून ठेवला होता. आता काळजी गेली, आणि तो एकदम उभा राहिला. पेन कागदावर टेकेना.

तेवढ्यात मोठे सर खाकरले.

"एक चांदीचं आहे," ते म्हणाले.

"काय चांदीचं?" नव्या बाईंनी विचारले.

"दुसऱ्या कपाटात. चौथा खण." सर खिडकीबाहेर बघत होते. "खोटं कशाला बोलू? ह्याचा राजा असा लख्ख बाहेर आलेला बघितल्यावर मलाही राहवेना. म्हटलं, एकदा मंजन लावून तर बघू."

नाणेकाका जमिनीवरून उठून उभे राहिले. "सर! तुम्ही?"

"पण मी डोकं वापरलं हो. घासल्यावर वजन पुन्हा घेतलं आणि खोडून नवं लिहिलं. 'सुधारित' म्हणून. तुझ्यासारखं पूर्ववत लिहीत नाही बसलो."

नव्या बाई भराभर रजिस्टरची पाने उलटू लागल्या. "सुधारित वजन... सुधारित वजन... सर, हे इथे सात ठिकाणी आहे!"

"सात का?" सर म्हणाले. "मला वाटलं पाच असतील."

खालून कुणीतरी हाक मारली, पाहुणे जमले, काकूही आल्या, या आता. संचालक घाईघाईने जिन्याकडे गेले, हेडक्लार्क टोपण काढत त्यांच्या मागे गेले. नव्या बाईंनी नाणेकाकांच्या हातातले पेन काढून घेतले.

"ही सही आज नको," त्या म्हणाल्या. "मला आता सगळी चारशे बारा नाणी भिंगाखाली नव्याने बघावी लागतील, आणि कुठलं कुणी घासलंय ते शेजारी बसून सांगायला माणसं लागतील. निरोप आज घ्या हवं तर. पण चार्ज अपूर्ण आहे. सोमवारी दोघांनीही यायचं. अकरा वाजता."

"किती दिवस चालेल हे?" नाणेकाकांनी विचारले. आवाजात शक्य तितकी नाराजी आणायचा त्यांनी प्रयत्न केला.

"महिना तरी."

मोठ्या सरांनी काठी उचलली आणि नाणेकाकांच्या खांद्याचा आधार घेत ते उठले. दारापर्यंत गेले, मग मागे वळून त्यांनी आपल्या खुर्चीकडे एकदा पाहिले.

"अकराला कशाला?" ते म्हणाले. "आम्ही साडेदहालाच येतो."